शेऱ्याचा रकाना

तेग्लन साडेनऊ मैलांची.
कचेरीतल्या नकाशावर ती
केस चिकटल्यासारखी दिसते,
नवा माणूस नखाने काढू बघतो.
मीही बघितलं होतं.

हेव्हिना प्रॉसर एकतीस वर्षं
पुलाखालची पट्टी वाचायची, सकाळी सात वाजता.
पाण्याची उंची, सेंटिमीटरमध्ये,
आणि शेवटी शेरा.
रकाना बोटभर रुंद,
तिचे शेरे समास ओलांडून
दुसऱ्या दिवसात घुसलेले.
ती गेली तेव्हा वह्या माझ्याकडे आल्या, गमबुटांसकट.
बूट मला घट्ट होतात.

"बावीस. वर कुणीतरी मेंढ्या धुतो आहे."
"एकोणीस. आज हिला बोलायचं नाही."
"एकशे चार. पुलावरूनच वाचलं. खाली उतरा म्हणणारा
कार्डिफमध्ये कोरडा बसला आहे."

उगम कुठे, असं विचारलं
तर इड्वल बोट दाखवत नाही, टाच रोवतो.
दलदलीत बूट रुततो, मोठा आवाज करून सुटतो,
आणि खड्डा भरू लागतो
दूध न घातलेल्या चहाच्या रंगाने.
"हा घ्या," म्हणतो. "आज इथे.
उद्या त्या कापूसगवतापाशी बघा."

तिथून ती दगडी कुंपणाच्या
मेंढ्यांसाठी ठेवलेल्या भोकातून निसटते,
सरकारी स्प्रूसच्या रांगांत शिरते,
जिथे भर दुपारीही ती फक्त ऐकू येते,
आणि बाहेर पडते ती थेट शिशाच्या खाणीपाशी.
खाण बंद पडून शंभर वर्षं झाली.
करड्या ढिगांवर अजून गवत धरत नाही.
तेग्लन वळसा घालत नाही, मधूनच जाते,
आजाऱ्याच्या खोलीतून आपण जातो तशी,
आवाज कमी करून.

खाली मासा नव्हता.
हेव्हिनाच्या आजोबांना नव्हता, वडलांना नव्हता.
गळ घेऊन येणाऱ्या पाहुण्याला
गावची पोरं खूप वेळ बसू द्यायची.

आमच्या भाषेत शेजार बदलला की
शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं:
नुसता पूल तो पॉन्ट, 'तो पूल' म्हटलं की बॉन्ट.
नदीचंही तेच.
गिरणीच्या पाटात ती गुळगुळीत प बोलते
(गिरणी थांबली, पाटाला कुणी कळवलं नाही),
चॅपलच्या पायरीशी, जिथे आता गालिचे विकतात,
तिचा ब होतो, जड,
आणि कॅराव्हॅनच्या तळापाशी
कुणाच्या तरी रेडिओखाली ती अक्षरच गिळते.

सतरा नोव्हेंबर, सव्विसावी वही:
"अठ्ठेचाळीस. पुलाखाली एक ट्राउट, समुद्रावरून आलेली.
कोपरापासून बोटांपर्यंत लांब. मादी.
शेपटीने खडी उकरते आहे."
पुढचे अकरा दिवस शेरा नाही.
नुसते आकडे, तेही बारीक,
जणू पेनाचाही आवाज होईल.
बाराव्या दिवशी: "सदतीस. गेली."
इड्वल शपथेवर सांगतो,
त्या पंधरवड्यात हेव्हिना त्याला दोनदा भेटली
आणि हवामानावरच बोलत राहिली.

मुखाशी गेथिनला उन्हाळ्यात लोक विचारतात,
नदी कुठे मिळते समुद्राला?
तो त्यांना गोट्यांच्या बांधावर उभं करतो.
अलीकडे डबकं, पलीकडे लाटा, मध्ये सुकं.
मग म्हणतो, बूट काढा.
पायाखाली गोटे गार असतात.
ती खालून जाते,
आणि ओहोटीच्या वाळूवर
बारीक बारीक रेघांनी बाहेर येते,
कुणी बघत नाही अशा ठिकाणी.

आता पुलाला यंत्र लावलंय.
दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतं,
पुरातसुद्धा, रात्रीसुद्धा. चुकत नाही.
मी तरी सातला उतरतो.
आज एकवीस.
काठच्या दगडावर पांढऱ्या छातीचा काळा पक्षी
गुडघे वाकवून वाकवून नमस्कार घालत होता,
मग पाण्यात चालत गेला, तळावरून,
आणि बराच वर, प्रवाहाच्या विरुद्ध, निघाला.
शेरा लिहायला घेतला.
रकाना खरंच बोटभर आहे.